गाडीत अर्थ नाही

सांगा बरं, माणसानं भरवसा ठेवावा तरी कुणावर? वायरमनवर, मेहुण्यावर, की बायकोवर? आमच्या शेजारच्या रंगवाल्या शेठनं या तिघांनाही बाजूला सारलं आणि स्वतःवर ठेवला. (तिघांतला एखादा तरी बरा निघाला असता.)

शेठचं रंगाचं दुकान आणि डबे पोचवायला एक पिकअप. ही पिकअप रोज सकाळी मेलेली सापडायची. चावी फिरवली की 'टक्' एवढंच बोलायची. नवी बॅटरी टाकली, तर तिनंही जुनीचं वळण गिरवलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वर आणखी ब्रेक दाबला की वायपर अंग झटकायचा, आणि हॉर्न दिला की हेडलाइट लाजल्यासारखे मंद व्हायचे.

वायरमनला बोलवायचं तर तो पैसे घेणार, म्हणून शेठनं मीटर विकत घेतला. इथंच ग्रह फिरले. रात्रभर करंट कोण पितो तो चोर मीच पकडतो, असं घरी जाहीर करून ते एकेक फ्यूज उपटत मीटरकडे बघत बसले. चोर सापडला नाही. फ्यूज मात्र सगळे एका वाटीत जमा झाले, आणि कुठला कुठून काढला ते कुणालाच आठवेना. पण रंगवाल्याला त्याची काय फिकीर! लाल, निळे, पिवळे, हिरवे. शेठनं छान रंगसंगती साधून ते परत बसवले. पेटी बघण्यासारखी झाली. हॉर्न तेवढा कायमचा गेला.

गाडी ढकलायला रोज मेहुणा यायचा. त्याला त्याच्या फर्निचरच्या धंद्यासाठी ती हवीच होती. म्हणायचा, "दाजी, ढकलतोय मीच, तर मागं नाव तरी माझं लिहा." शेठ दात आवळून हसायचे. गाडी गेली तर दुकानाचे पाय गेले, आणि ती मेहुण्याकडे गेली तर जन्मभर त्याच्या तोंडून ऐकावं लागणार.

शेवटी बायकोनंच वायरमनला बोलावलं. शेठ तेव्हा दुकानात. वायरमननं बॉनेट उघडलं, खाली वाकून काहीतरी हलवून बघितलं, बायकोला निरोप दिला आणि सायकलवर टांग मारून गेला. बायकोनं लगेच फोन लावला.

"तो म्हणतोय, गाडीत अर्थ नाही."

"असंच म्हणाला?"

"अक्षरशः. म्हणाला, आधी अर्थ द्यायला पाहिजे, मग बाकीचं बघू."

शेठ गार पडले. वायरमन असून किती शुद्ध बोलतो! गाडीत अर्थ नाही म्हणजे ती भंगारात गेली, आणि आधी अर्थ द्या म्हणजे पैसे आगाऊ टाका. (आम्हा व्यापाऱ्यांना अर्थ म्हटलं की दुसरं सुचत नाही, हे खरंच.)

मग त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. दुकानातून घरी येऊन, वायरमनच्या निरोपाबद्दल चकार शब्द न काढता त्यांनी मेहुण्याला बोलावलं, चहा पाजला, घरातलं घरात राहतंय असं म्हणत डोळे पुसल्यासारखे केले आणि व्यवहार उरकला. मेहुण्यानं माणसं आणून गाडी ढकलत नेली. ती वळणाआड गेली तसे शेठ एकटेच हसले. बला टळली होती, तीही मेहुण्याच्या गळ्यात.

थोड्या वेळानं वायरमन परत आला. हातात वीतभर लांबीची जाड, चपटी पट्टी.

"शेठ, गाडी कुठाय?"

"विकली. तूच म्हणालास ना, अर्थ नाही म्हणून?"

"हो, मग तोच आणायला गेलो होतो." त्यानं पट्टी पुढं केली. "बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थची, म्हणजे अर्थिंगची पट्टी तुमची कुजून हिरवी पडलीय. त्यामुळं बॅटरी चार्जच होत नाही, आणि दिवे, वायपर वेड्यासारखे वागतात. ही लावली की झालं. बाकी त्या फ्यूजच्या पेटीला कुणी हात लावलाय हो?"

शेठ पट्टी हातात घेऊन खाली बसले. मग त्यांना एकदम सुचलं, की मेहुण्याला कळायच्या आत सौदा मोडता येईल. ते चप्पल शोधू लागले.

"राहू द्या," बायको आतून म्हणाली. "मी भावाला फोन करून सांगितलंय सगळं. तो म्हणाला, दाजींच्या हाती पट्टी पाठवून दे."

हल्ली ती पिकअप एका चावीत सुरू होते. शेठचे डबेही तीच पोचवते, भाड्यानं, आणि मेहुणा ते भाडं हसत घेतो.

लोक म्हणतात, मेहुण्यानं भोळ्या शेठला लुबाडलं. तुम्ही तरी हिशेब प्रामाणिकपणे मांडा. त्या दिवशी फसवायला निघालेला माणूस एकच होता, आणि पट्टी पोचवायला पायी गेला तोही तोच.