घाण्यातली चकती

राजकोटच्या भक्तिनगरात ओधवजीभाईंचं लेथ. त्या सकाळी त्यांनी पापडासारखी पातळ पितळी चकती कातली. असला माल लेथच्या चकात, म्हणजे पकडणाऱ्या जबड्यात आवळला की वाकतो. म्हणून तो जाड ठोकळ्यावर सुपर ग्लूनं चिकटवायचा, कातायचा आणि मग तापवून सोडवायचा. कातणं झक्क झालं, पण सोडवायला गेले तर गॅसची बत्ती फुस्स! आणि पंपवाल्या कंपनीचे दोशीसाहेब नमुना बघायला निघालेले. पास झाला तर वर्षभराचं काम, नाहीतर बसा माश्या मारत.

समोर पोपटभाईंच्या दुकानात बेसनाच्या गाठियांची कढई कडकडीत तापलेली. ओधवजीभाई ठोकळा घेऊन धावले.

"पोपटभाई, एवढं जरा तेलात बुडवू दे."

"माझ्या तेलात लोखंड?"

"पितळ आहे रे! तुझ्या देवाच्या घंटीचं असतं तेच."

"मग घाल. बेसन मात्र लावू नकोस, गिऱ्हाईक मागेल."

चिमट्यानं ठोकळा तेलात सोडला. गोंद सुटला, तसा असा वास उठला की दोघांच्या डोळ्यांतून धारा. डोळे पुसून ओधवजीभाईंनी ठोकळा वर काढला, तर नुसताच ठोकळा! तोवर पोपटभाईंनी सवयीनं झारा फिरवून घाणा उपसला होता आणि बाकांवर वाढूनही टाकला होता.

ओधवजीभाई एकेकाच्या ताटलीत वाकून बघायला लागले. "काका, कडक काही लागलं का दाताला?"

"कालचे असले तर कडकच लागायचे!"

"ओधवजी, माझा धंदा बसवतोस का?" पोपटभाई ओरडले.

एवढ्यात कोपऱ्यातल्या माणसाचं चावणं थांबलं. गाठियांसोबतच्या संभाऱ्याखालून, म्हणजे कच्च्या पपईच्या किसाखालून, त्यानं चकती उपसली. दोशीसाहेब! राजकोटात आले की आधी गाठिया, मग काम.

"हे कुणाचं?" साहेब गरजले.

ओधवजीभाई दोन पावलं मागे सरले. "कुणास ठाऊक, साहेब. आपलं तर नाही बुवा."

"माझं तर मुळीच नाही," पोपटभाई म्हणाले. "बेसनाशिवाय मी काही तळत नाही."

साहेबांनी चकती रुमालानं पुसली, खिशातून मायक्रोमीटर काढला. इकडून मोजली, तिकडून मोजली. भुवया वर चढल्या.

"केसाचा फरक नाही! चकाचा एक ओरखडा नाही! ज्यानं केली असेल त्याला आत्ताच्या आत्ता काम देतो."

ओधवजीभाई तर आताच बाकांवरच्या सगळ्यांदेखत नाही म्हणून बसलेले. त्यांचं तोंड उघडायच्या आत पोपटभाई झारा टाकून पुढे आले.

"माझीच ती, साहेब. पहिला घाणा रोज असाच निघतो. बोला, किती किलो पाठवू?"