राणीची विहीर उजवीकडे

"राजधानीत तीन दिवस राहायचं आणि नकाशातली एकही जागा सोडायची नाही," असं भावोजींनी सकाळच्या चहालाच जाहीर केलं आणि कपबश्या बाजूला सारून टेबलावर नकाशा पसरला.

नकाशा रेघोबाच्या हातचा होता. रेघोबा हे अर्थात घरचं नाव. लहानपणी मोकळी भिंत दिसली की तो तिच्यावर रेघा ओढायचा, म्हणून ताईने ते ठेवलं होतं, आणि पुढे तो नकाशा कचेरीत ड्राफ्ट्समन झाल्यामुळे ते कायमचं चिकटलं. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी छापला जाणारा राजधानीचा नकाशा गेली बारा वर्षं त्याच्याच टेबलावरून निघत होता.

ताईचे यजमान, म्हणजे त्याच्या घरी पाहुणे आलेले भावोजी, वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. माणसं दोनच प्रकारची, मापातली आणि अंदाजपंचे, असं त्यांचं ठाम मत. लग्नाच्या बैठकीतच त्यांनी होणाऱ्या मेहुण्याकडे एकदा नीट पाहून त्याला दुसऱ्या प्रकारात टाकलं होतं. तिथून त्याची सुटका केली ती या नकाशाने. "एक रेघ इकडची तिकडे नाही," असं म्हणून भावोजींनी नकाशा फ्रेम करून आपल्या गावच्या दिवाणखान्यात लावला, तेव्हा रेघोबाचा ऊर भरून आला होता. बढती मिळाली त्या दिवशीही त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी काय काय?" ताईने विचारलं.

"संग्रहालय, बाजार आणि राणीची विहीर," भावोजी म्हणाले आणि त्यांनी जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीत बोट टेकलं.

रेघोबा दचकला, कारण राणीची विहीर नावाची वस्तू जगात नव्हती. बारा वर्षांपूर्वी नकाशा पुरा होत आला असताना त्या गल्लीच्या डाव्या बाजूला चहाचा एक थेंब पडला होता. पुसला तर शेपूट फुटल्यासारखा पसरला. खरवडला तर कागद फाटायला आला. शेवटी रेघोबाने डागाभोवती सुबक वर्तुळ काढलं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं होतं.

"विहीर, साहेब."

"कोणाची?"

राजवाडा शेजारीच होता. "राणीची," रेघोबा म्हणाला.

"मग तसं लिहा की. पाहुण्यांना कसं कळणार?"

विहीर छापली गेली. रेघोबाने तेव्हापासून त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. लाखभर नकाशे खपले, पण एकाही माणसाची तक्रार आली नाही, याचं त्याला मधूनमधून नवल वाटे. पण नवल करत बसण्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं.

आता संध्याकाळपर्यंत कशीबशी वेळ मारून न्यायची होती. संग्रहालयाची त्याला मोठी आशा होती, कारण तिथे बावीस दालनं होती. भावोजी तिसऱ्याच दालनात अडकले. काचेमागे राजदरबारचा सोन्याचांदीचा तराजू होता.

"डावं पारडं खाली आहे," भावोजी पहारेकऱ्याला म्हणाले.

"असू दे की," पहारेकरी म्हणाला.

"असू दे कसं? एवढ्या मोठ्या राज्याचा तराजू."

"आजोबा, आता त्यात कोणी काही तोलत नाही."

"प्रश्न तो नाही. काच उघडा, मी दोन मिनिटांत सारखा करून देतो."

काच कोणी उघडली नाही, पण पहारेकऱ्याने वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना, आणि शेवटी तराजूच्या खालचा चौथराच कललेला आहे हे भावोजींनी खिशातली टेप काढून सिद्ध करून दाखवलं. यात दीड तास छान गेला. रेघोबाने मनातल्या मनात त्या चौथऱ्याचे आभार मानले.

बाजारात ताईने चादरी बघायला घेतल्या. रेघोबा एरवी दुकानात शिरला की घड्याळ बघणारा माणूस, आज तो "ती निळी बघ, ती फुलांची बघ, घाई कसली आहे" असं म्हणत वरच्या फळीवरचे गठ्ठे उतरवायला लावत होता. ताईने त्याच्याकडे दोनदा निरखून पाहिलं. भावोजींनी सगळ्या चादरी टेपने मोजल्या. प्रत्येक चादर दोन बोटं कमी भरली.

"धुतल्यावर सैल होतात, काका," दुकानदार म्हणाला.

"मी चौतीस वर्षं हेच उत्तर ऐकलंय," भावोजी म्हणाले आणि दुकानाबाहेर पडले. "चला, आता विहीर."

"विहीर आज बंद असते," रेघोबा घाईने म्हणाला.

"विहीर बंद कशी असेल? झाकण लावतात?"

"म्हणजे, दुरुस्ती चालू आहे. शिवाय ती फार लहान आहे, भावोजी. आणि वाटेत चिखल आहे."

"तू काढलेली जागा मी बघायची नाही, तर कोणी बघायची?" भावोजी म्हणाले. हे ते इतक्या प्रेमाने म्हणाले की रेघोबाला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने ठरवलं, गल्लीच्या तोंडाशी गेलं की सगळं कबूल करून टाकायचं. तो वाक्यं जुळवत चालू लागला. "भावोजी, कागदाचं कसं असतं" हे पहिलं वाक्य पक्कं झालं होतं, तोच राजवाड्याच्या कोपऱ्यावर भावोजींनी एका वाटसरूला विचारलं, "राणीची विहीर कुठे आली?"

"ही काय, रांग दिसतेय तिथे," वाटसरू म्हणाला.

रांग खरंच होती. चाळीसेक माणसं, बहुतेकांच्या हातात रेघोबाचा नकाशा. रांगेच्या टोकाला तिकीटखिडकी, आत एक दुकान आणि दुकानामागच्या अंगणात दगडी कठड्याची गोल विहीर. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला वाटाड्या सांगत होता, "राजवाड्यातले सगळे आरसे राणीला सुंदरच दाखवायचे. तशी ताकीदच होती. म्हणून खरं तोंड बघायला राणी रोज पहाटे या विहिरीवर यायची."

भावोजींनी वाकून आत पाहिलं. ताईनेही पाहिलं.

"पाणी अगदी चहाच्या रंगाचं आहे," ताई म्हणाली.

रेघोबाला बसायला जागा हवी होती. तो दुकानात शिरला. तिथे 'राणीच्या विहिरीचं पाणी' भरलेल्या छोट्या तांब्याच्या कुप्या, विहिरीचे मातीचे नमुने आणि राणीचे खरं बोलणारे हातआरसे विकायला होते. गल्ल्यावर एक ठसठशीत बाई बसली होती.

"विहीर कधीपासूनची?" त्याने विचारलं.

बाईने त्याला वरखाली न्याहाळलं. "तुम्ही इथलेच दिसता. मग काय लपवायचं? दहा वर्षं झाली. त्याआधी माझं सुयादोऱ्याचं दुकान होतं. लोक नकाशा नाचवत यायचे, विहीर कुठे, विहीर कुठे. नाही, नाही म्हणून तोंड दुखलं माझं. दोन वर्षं त्या नकाशावाल्याच्या नावाने बोटं मोडली. शेवटी म्हटलं, एवढ्यांना हवी आहे तर असू दे. खणली. आता रोज त्याला हात जोडते. कोण मेला आहे, कुठे आहे, देव जाणे."

"पण नकाशात ती डावीकडे आहे," रेघोबा पुटपुटला.

"डावीकडे पोस्टाची भिंत आहे. तिथे कोण खणू देणार? माझं अंगण उजवीकडे."

तेवढ्यात बाहेरून भावोजींची हाक आली. ते गल्लीत टेप पसरून उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. रागावले असते तर रेघोबाला परवडलं असतं.

"नकाशात डावीकडे, इथे उजवीकडे," ते हळू आवाजात म्हणाले. "शिवाय सव्वीस फूट पुढे. मला वाटलं होतं, एक रेघ इकडची तिकडे नाही." त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. "शेवटी अंदाजपंचेच."

बारा वर्षांची अब्रू रेघोबाच्या डोळ्यांदेखत सव्वीस फुटांत गेली. आणि त्याला काही बोलताही येईना, कारण नकाशा चूक नव्हता असं म्हणावं, तर विहीर कुठून आली ते सांगावं लागलं असतं.

"अहो, नकाशा बरोबर आहे," ताई एकदम म्हणाली. "विहीरच चुकली आहे."

भावोजींनी बायकोकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "विहीर कशी चुकेल? विहिरी काय माणसांनी नकाशे बघून खणलेल्या असतात?" असं म्हणून ते विहिरीची खोली मोजायला परत आत गेले.

ताईने भावाचं मनगट धरलं. "चहाच होता ना?"

"तुला कसं कळलं?"

"वहीत शाईचा डाग पडला की तू त्याचा सूर्य करायचास. चित्रकलेच्या वहीत तुझे एकेका पानावर चार-चार सूर्य असायचे. दिवाणखान्यातला नकाशा पुसताना मी रोज बघते ती विहीर. विहिरीला कधी शेपूट असतं का रे?"

रेघोबाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिने बारा वर्षं त्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

भावोजींनी घरी परतल्यावर नकाशा कचेरीला आकृतीसह तक्रार धाडली. सोमवारी ती 'त्वरित दुरुस्ती करावी' अशा शेऱ्यानिशी रेघोबाच्याच टेबलावर आली. त्याने चहाचा कप खिडकीत नेऊन ठेवला आणि विहीर उजवीकडे, सव्वीस फूट पुढे, केसभरही फरक न करता काढली. मग डावीकडचं जुनं वर्तुळ खोडलं. वर्तुळ गेलं. डाग राहिला.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "इथे काय आहे?"

"चौथरा, साहेब."

"कोणाचा?"

रेघोबाने नुकत्याच काढलेल्या विहिरीकडे पाहिलं. "राणीच्या भावाचा."

"मग तसं लिहा की," साहेब म्हणाले.

संध्याकाळी त्याने ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसत राहिली. मग म्हणाली, "आम्ही पुढच्या वर्षी येतोय. त्या दुकानवाल्या बाईला आत्ताच जाऊन जागा दाखवून ठेव. आणि या वेळी मोजून दे."