देवपुजारींचं मावंदं

जबलपूरजवळच्या रांझीच्या मराठी मंडळात श्यामसुंदर देवपुजारींनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मी पुढच्या महिन्यात हिमालयात जाऊन राहिलो. आठ दिवस, पायी, चौदा हजार फूट."

अशी घोषणा झाली की मंडळात कोणीतरी खोकतंच. या वेळी बाबाराव खोकले. बाबाराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, देवपुजारींचे भिंतीला भिंत लागून शेजारी, आणि खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तीस वर्षं त्यांच्या बाजूच्या टेबलावर बसलेला माणूस.

"त्रेसष्टाव्या वर्षी? काहून?"

"काहून म्हणजे? तब्येत पाहा ना माझी."

तब्येत सगळ्यांनी पाहिली आणि आपापला चहा संपवला. दुसऱ्या दिवसापासून देवपुजारी पाठीवर दहा किलो आटा घेऊन मदन महालची टेकडी चढू लागले. तिसऱ्या दिवशी पिशवी फाटली. टेकडीवरच्या मुंग्यांनी त्यांना दुवा दिला असेल, पण प्रॅक्टिस तिथेच संपली.

तब्येतीचं कारण मंडळात सांगायचं होतं. खरं कारण शरयूताई. त्यांना एकदा बर्फ पाहायचा होता. "रिटायर झालो की जाऊ," असं म्हणता म्हणता देवपुजारी रिटायर झाले, आणि दोन वर्षांपूर्वी शरयूताईच गेल्या. तेव्हापासून घर खायला उठायचं. मुलगी मेघना बंगलोरला. दर रविवारी फोन करायची, तोही भाजीला फोडणी देता देता. "पहाडात नेटवर्क नसेल बरं का," असं त्यांनी सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं सांगितलंत बाबा, मग मी लावतच नाही."

माणसाला कुठे जायचं असतं म्हणून तो जातोच असं नाही. परत येताना कोणीतरी वाट पाहत असावं, एवढ्यासाठीही माणूस घराबाहेर पडतो. देवपुजारींचं तसंच होतं.

बाबारावांच्या बायकोनं, इंदूवहिनींनी, ते बरोबर ओळखलं. त्या पितळी गडू घेऊन आल्या. "भाऊजी, वरून गंगेचं पाणी आणा. आले की मावंदं घालू."

"वहिनी, मावंदं काशीयात्रेचं घालतात. हा ट्रेक आहे."

"डोंगर आहे ना? पाणी आहे ना? मग झालं. पूजा करू, पंगत बसवू. शरयू गेल्यापासून तुमच्या घरी कोणी पान मांडलं नाही."

देवपुजारींनी गडू हातात घेतला. तोवर गल्लीत बातमी गेली, आणि 'आमच्यासाठीही थोडं' म्हणत घरोघरून रिकाम्या बाटल्या आल्या. अकरा झाल्या. स्टेशनवर हार, शाल, नारळ. पन्नास पानांचं मावंदं ठरलं, तारीखही पक्की. आता डोंगर चढल्याशिवाय सुटका नव्हती.

ट्रेकला बारा जण होते. अकरा पोरं-पोरी पंचविशीतली, बारावे देवपुजारी. गाईड योगेश रावत, गढवालचा, कमी बोलणारा. देवपुजारी चालले की पाठीवरच्या बाटल्या खडखडायच्या, त्यामुळे ते किती मागे राहिले हे वळून न पाहताही त्याला कळायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबूत योगेशनं सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. पोरांचे आकडे आले नव्वदच्या आसपास. देवपुजारींचा आला बहात्तर.

"अंकलजी, आपको नीचे जाना पड़ेगा."

"एक रीडिंग पे रिजेक्ट करते हो?" देवपुजारी उठून बसले. चौतीस वर्षं ते फॅक्टरीच्या इन्स्पेक्शन विभागात होते, पास आणि रिजेक्टचे शिक्के मारत. "तीन बार नापो. औसत लो. यही नियम है."

योगेशनं तीनदा मोजलं. बहात्तर, एकाहत्तर, एकोणसत्तर. सरासरी काढण्याची वेळच आली नाही. ज्या माणसानं हजारो नग निर्विकार चेहऱ्यानं बाजूला काढले, तो स्वतःच बाजूला काढला गेला. बर्फ लांबून दिसत होता, पांढरी रेघ तेवढी. देवपुजारींनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मनात म्हणाले, "शरयू, बघ, तो तिथे आहे," आणि सकाळी खेचरावर बसून उतरले. घाईत एकही बाटली भरली नाही.

आता जायचं कुठे? मावंद्याला दिवस होते. हरिद्वारला धर्मशाळेत थांबू म्हणून गेले, तर काउंटरवरच्यानं मान वर न करता विचारलं, "साथ में कौन है?"

"कोई नहीं."

"अकेले को कमरा नहीं देते."

तीन धर्मशाळांनी हेच सांगितलं. मग त्यांनी विचार केला, एकटंच राहायचं तर आपलं घर काय वाईट आहे? आणि ठरल्या तारखेच्या पाच दिवस आधी ते जबलपूरला उतरले.

मे महिना, दुपारचे दोन. गरम वाऱ्याची लू अशी की सगळं शहर तोंडाला गमछा बांधून फिरतं, त्यामुळे वेषांतराचा प्रश्न नव्हता. गल्लीत घरोघरी कूलर घरघरत होते. देवपुजारी मागच्या दारानं आपल्याच घरात चोरासारखे शिरले आणि आतून कडी लावली.

बर्फात जाण्यासाठी निघालेला माणूस चव्वेचाळीस डिग्रीत खिडक्या बंद करून बसला. कूलर लावायचा नाही, आवाज होईल. कुकर नाही, शिटी होईल. ओला बनियन घालून फरशीवर पडायचं आणि सोबत नेलेला चिवडा खायचा. एकदा न राहवून त्यांनी मोबाइल सुरू केला. मंडळाच्या ग्रुपवर ते गेले त्या दिवशी चौतीस फुलं आली होती. त्यानंतर आठवडाभर कैरीच्या लोणच्यावर चर्चा. देवपुजारी कुठवर पोचले असतील, असं एकानंही विचारलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. हिमालयातही इतकं एकटं वाटलं नव्हतं, तिथे निदान बाटल्यांचा आवाज तरी होता.

संध्याकाळी मागचं फाटक वाजलं. देवपुजारी खिडकीखाली बसले. इंदूवहिनी शरयूताईंच्या तुळशीला पाणी घालायला आल्या होत्या. पाणी घालता घालता तुळशीशी बोलत होत्या.

"शरयू, तुझा माणूस पहाडात गेला बाई. जेवला असेल का नाही, कोणास ठाऊक. वांग्याची भाजी केली आज, तुला आवडायची. इथे ठेवते."

कट्ट्यावर स्टीलचा डबा ठेवून त्या गेल्या.

देवपुजारींनी दहा मिनिटं स्वतःशी झुंज दिली. नैवेद्य आहे, बायकोचा आहे. मग त्यांनी विचार केला, बायकोचं आजवर आपणच तर खाल्लं. डबा आत आला. पोळ्या गरम होत्या. आठवडाभर ते थंड खात होते, आणि त्यांच्याबद्दल 'जेवला असेल का' हे दोन वर्षांत कोणी म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. डब्याला लागलेला रस्साही त्यांनी पोळीनं पुसून खाल्ला.

जेवून त्यांनी डबा जागेवर ठेवला. मांजर खाऊन गेलं असं वहिनींना वाटेल, असा हिशेब. दुसऱ्या दिवशी डबा मोठा आला. त्यात वरण-भात आणि ठेचा. "शरयू, तुझी भूक वाढली का गं?" एवढंच त्या तुळशीला म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी भरली भेंडी. चौथ्या दिवशी कारलं. कारलं देवपुजारींना सात जन्मांत चालायचं नाही, ते त्यांनी कुंडीत पुरलं.

पाचव्या दिवशी दुपारी गमछा बांधून, पिट्टू पाठीला लावून ते मागच्या दारानं निघाले. स्टेशनवर गेले, फलाटावर गाडी लागताच गर्दीत मिसळले आणि प्रवास करून आल्यासारखे बाहेर आले. समोर बाबाराव हार घेऊन उभे.

"काय मस्त रंग रापला आहे हो," बाबाराव म्हणाले. देवपुजारी पाच दिवस अंधाऱ्या खोलीत होते.

मावंदं त्याच संध्याकाळी. अंगणात मांडव, पन्नास पानं, खिरीचा वास. दोन वर्षांनी त्या घरात माणसांचा गलका होता. इंदूवहिनींनी चौरंग मांडला, हळदकुंकू ठेवलं आणि हात पुढे केला. "आणा भाऊजी, गंगेचं पाणी."

देवपुजारींनी गडू काढला. नळ दोन हातांवर होता, सकाळी भरला असता तर कोणाला कळणार होतं? पण शरयूताईंच्या फोटोपुढे नळाचं पाणी गंगा म्हणून ठेवणं त्यांच्यानं झालं नव्हतं. चौतीस वर्षांत खोटा शिक्का मारला नव्हता.

"गडू रिकामा आहे," ते म्हणाले. "मी वर गेलोच नाही. दुसऱ्याच दिवशी रिजेक्ट झालो. पाच दिवसांपासून या घरात लपून आहे."

मग बाबाराव खोकले.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अहो भाऊजी," इंदूवहिनी म्हणाल्या, "मांजर डबा खातं. डबा घासून, पुसून, पालथा घालून, वर झाकण सरळ ठेवत नाही. ते फक्त फॅक्टरीतली माणसं करतात."

"पहिल्याच दिवशी समजलं?"

"पहिल्याच. आणि कारलं कुंडीत पुरलंत तेही. रोप मान टाकून राहिलंय."

"मग हा हार, हे स्टेशन..."

"तुम्ही इतकं करून राहिले, तर आम्ही नाही म्हणायचं का?" बाबाराव म्हणाले. "आणि आचाऱ्याला पन्नास पानं सांगितली होती. चला, बसा."

गडूत नर्मदेचं पाणी घातलं. ते वहिनींनी आधीच आणून ठेवलं होतं. पूजा झाली, पंगत उठली, अकरा बाटल्या ज्याच्या त्याच्या घरी रिकाम्या गेल्या. त्या दिवशी देवपुजारी दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर हसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटक वाजलं. ते घाईनं खिडकीपाशी गेले. वहिनींनी तुळशीला पाणी घातलं, "आता तुझा माणूस आला बाई, मी सुटले," असं म्हणाल्या आणि गेल्या. कट्ट्यावर डबा नव्हता.

देवपुजारींनी बाहेर येऊन कट्ट्यामागेही वाकून पाहिलं. मग कूलर लावला, चष्मा चढवला आणि योगेशला फोन केला.

"योगेशजी, मैं जबलपुर से. वो बहत्तर वाला. नहीं, नहीं, चढ़ना नहीं है. बस ये बताइए, आपका सबसे लंबा ट्रेक कितने दिन का है?"