लिमयेकाकांचा डावा ब्रेक

लिमयेकाकांना ‘कसे आहात?’ विचारलं, की ते ‘बरा आहे’ म्हणत नाहीत. ‘का विचारतेस?’ म्हणतात. मग तुम्ही जे सांगाल त्यावर पुन्हा ‘का?’. असं पाच वेळा. इथे जपानात, नागोयातल्या गाड्यांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं ब्रेकवर काम केलं. काहीही बिघडलं की पाचदा ‘का’ विचारायचं, ही तिथली शिस्त. काका निवृत्त झाले, शिस्त काही होईना. आम्ही त्यांच्या वरच्याच मजल्यावर, त्यामुळे पहिला मार आम्हाला.

एकदा माझं वरण लागलं. वास खाली गेला असावा, कारण काका दारात हजर.

“का लागलं?” गॅस मोठा होता. “का?” मी फोनवर होते. “का?” आई रागावली होती. “का?” मी महिनाभर फोन केला नव्हता. “का?”

आता काय सांगणार, कप्पाळ! मला रडूच फुटलं. काका घाबरून म्हणाले, “अगं वृषाली, वरणाचं एवढं काय!”

त्यांच्याकडे तीनचाकी मोटरसायकल आहे. पुढे एक चाक, मागे दोन. गुडघ्यांमुळे काकूंना दुचाकीवर टांग टाकणं जमेना, म्हणून काकांनी ही घेतली. दर रविवारी डबा घेऊन दोघं समुद्रावर जायचे. काकूंना जाऊन दीड वर्ष झालं. काका अजून जातात, एकटेच, आणि डबा मात्र दोघांचा नेतात. तेवढं ‘का’ मी कधी विचारलं नाही.

या एप्रिलमध्ये गाडीची सरकारी तपासणी आली आणि काकांच्या लक्षात आलं, की मागच्या उजव्या चाकाचे ब्रेक पॅड धडधाकट आहेत आणि डाव्याचे झिजून पापड झालेत. दोन्हीकडचा ब्रेक सारखा लागला नाही तर गाडी नापास, आणि गाडी नापास म्हणजे रविवार बंद. तोक्योतला मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, विकून टाका ना ती.” काकांनी फोनच ठेवला.

“पॅडच खराब असतील मेले. नवे टाका की,” मी म्हटलं.

“पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे!” काका कडाडले.

शनिवारी सकाळी त्यांनी मला टॉर्च धरायला बसवलं. त्याआधी, आपण डावीकडे कलून बसतो की काय हे बघायला, स्वतःचा व्हिडिओ काढायला लावला. बसले होते लग्नाच्या फोटोतल्यासारखे ताठ! मग जॅक लावून मागची चाकं उचलली. उजवं चाक हातानं भिरभिर फिरलं. डावं अर्ध्या फेरीतच थांबलं.

काका पुटपुटत खोलायला लागले. “पॅड का झिजले? ब्रेक पूर्ण सुटत नाही. का? ज्या पिनेवर तो सरकतो ती अडकली. का? गंजली. का? रबराचं टोपण फाटून आत पाणी गेलं.” बोटाला लागलेला तांबडा चिखल त्यांनी मला दाखवला. “पण पाणी डावीकडेच का?”

मला माहीत होतं. रोज सकाळी मी बाल्कनीतून बघत होते. काका बादली घेऊन येत आणि डाव्या बाजूचा पायठा, काकू ज्यावर पाय ठेवून चढायच्या तो, घासघासून धूत. मला वाटायचं, म्हाताऱ्याची हौस.

“काका, तुम्ही रोज तो पायठा...”

काकांनी बोटाचा चिखल विजारीला पुसला आणि पायठ्यावर हात ठेवला.

“हिचे बूट पांढरे असायचे. ‘अहो, किती हा चिखल!’ म्हणायची चढताना. मी म्हणायचो, बघू पुढच्या रविवारी. एकदाही धुतला नाही गं मी. एकदाही.”

मी टॉर्च पुन्हा चाकावर धरला.

पिन साफ झाली, तिला नवं टोपण आणि ग्रीस लागलं, पॅड दोन्हीकडचे बदलले. गाडी पास झाली. काकांनी घरोघरी जाऊन सांगितलं, अगदी शेजारच्या तानाका-सानना मराठीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीतून पाहिलं, तर काका भरलेली बादली घेऊन गाडीशी नुसतेच उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी खाली गेले.

“पाणी ओतलं तर पुन्हा गंजणार,” ते गाडीकडे बघतच म्हणाले. “नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं, तर... चालेल का गं तुझ्या काकूला?”

“चालेल, काका,” म्हटलं, आणि फडकं आणायला वर पळाले. त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं.