काळदंताला झोप लागते

त्या शनिवारी मी सायमाला नुसतं ‘येते’ एवढंच लिहिलं. तेही गोदूच्या नाकात थेंब घालता घालता, एका अंगठ्याने. पुढचं सगळं त्या अंगठ्याने केलं.

सायमा आणि मी एकाच बँकेत होतो. ती अजून आहे. मी बाळंतपणाच्या रजेवर गेले, ती गेलेच. गोदू आता सव्वा वर्षाची आहे आणि या सव्वा वर्षात मला कुणी नावाने हाक मारलेली नाही. डॉक्टरांकडे मी ‘गोदूची आई’, लिफ्टमध्ये ‘गोदूची आई’. मितेश, म्हणजे माझा नवरा, मलाही ‘अगं’ म्हणतो आणि तिलाही, त्यामुळे आम्ही दोघी वळून बघतो. (गोदू आधी वळते. तिला अजून आशा आहे.)

सायमाचा भाऊ झुबेर याचं टपाल नाक्याजवळ टाइल्सचं दुकान आहे. दर रविवारी दुपारी दुकानाच्या माळ्यावर ही मंडळी गेली चार वर्षं एकच गोष्ट खेळताहेत. झुबेर गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गुहा असो की किल्ला, नमुन्याच्या टाइल्स टेबलावर मांडून तयार होतो. सायमा जादूगारीण आहे. उलव्याचा जगन सहा फूट उंच आणि गोष्टीत ठेंगू तिरंदाज. चौथा गुलशन मस्कतला नोकरीला गेला, म्हणून एक खुर्ची रिकामी होती. तिच्यासाठी सायमाने मला विचारलं होतं.

“त्या खुर्चीत आधी तिघांना बसवून पाहिलं,” सायमा जिन्यातच म्हणाली. “एकही टिकला नाही. तुला तीन रविवार. मग आम्ही मत देणार. तिन्ही ‘हो’ आले तरच तुझा फासा आमच्या डबीत.”

डबी खजुराची होती, झाकण चेपलेलं. मला त्या डबीत जायचं होतं. इतकं काही हवंसं वाटून फार दिवस झाले होते, त्यामुळे आधी मला ती ॲसिडिटीच वाटली.

“आणि एक नियम,” झुबेर म्हणाला. “बोललं ते झालं. टेबलाशी बसून तोंडातून जे निघेल ते तुमच्या पात्राने म्हटलं. ‘तसं नव्हतं म्हणायचं’ चालत नाही. जगनने एकदा चहा मागितला, तो राक्षसिणीने आणून दिला.”

“दोन महिनं आजारी व्हतो,” जगन म्हणाला.

मी वज्रनखी झाले. दोन तलवारी, मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, झोप पूर्ण. (शेवटचं कुणी विचारलं नव्हतं. मी आपणहून लिहिलं.)

पहिल्या रविवारी आम्ही एका गुहेच्या तोंडाशी पोचलो.

“आत काळोख आहे,” झुबेर म्हणाला. “थंडगार वारा येतोय. वज्रनखी, काय करतेस?”

“वारा आहे?” मी म्हणाले. “मग सगळ्यांनी आधी कान बांधा.”

बोललं ते झालं. सगळ्यांनी कान बांधले. मागून आलेले लांडगे कुणालाही ऐकू आले नाहीत. ठेंगू तिरंदाजाच्या पायाचा लचका गेला.

“वहिनी,” जगन खऱ्या पायावरून हात फिरवत म्हणाला, “पुडच्या येलेला तुमी मागं रावा.”

“वज्रनखी म्हणा ना.”

“हां. वज्रनखी वहिनी.”

दुसऱ्या रविवारी मी ठरवलं, बोलायचंच नाही. तीन तास बोलले नाही. झुबेरच्या म्हणण्यानुसार संध्याकाळपर्यंत एका पक्ष्याने मला पुतळा समजून डोक्यावर घरटं बांधलं होतं. घरी जाताना मला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. घरीही मी साधारण त्याच पदावर आहे.

मधला आठवडा वाईट गेला. गोदूला दाढा येत होत्या. ती रडायची, मी तिला थोपटत खिडकीशी उभी राहायची, आणि समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालायची. रोज तेच कपडे, असं मला वाटायला लागलं होतं. शुक्रवारी माझ्या लक्षात आलं, की मी सोमवारपासून रविवारचे तास मोजतेय. ती खुर्ची गेली, तर पुढे मोजायला काहीच नव्हतं.

तिसरा रविवार काळदंताचा निघाला.

हा काळदंत म्हणजे हजार वर्षांचा दैत्यराजा. चार वर्षं ही मंडळी त्याच्याच मागावर होती. झुबेरने त्याच्या सिंहासनासाठी काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा घासून आणला होता आणि स्वतः काळा कुर्ता घातला होता. सायमाने दीड वर्ष एक मंत्र राखून ठेवला होता. जगनकडे एक सोन्याचा बाण होता. त्याच्यासाठी त्याने म्हणे चुलतभावाची हळद चुकवली होती.

मी दोन वाक्यं पाठ करून आले होते. फोन बंद करणार होते, पण दुपारी गोदूचं अंग जरा कोमट लागलं होतं. (मला ते रोजच लागतं.)

“कोण आलंय,” झुबेर खोल आवाजात म्हणाला, “काळदंताच्या दारात?”

माझा फोन वाजला.

“अगं, ही थांबतच नाहीये,” मितेश ओरडला. मागे गोदूची किंकाळी. “तुझा आवाज ऐकव तिला!”

उठून चार पावलं जिन्यात गेले असते, तर काही झालं नसतं. पण मला वाटलं, उठले तर खुर्ची गेली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि बसल्या जागी सुरू केलं.

“रडायचं नाही बाळा, रडायचं नाही. कुणी एकटं टाकलं माझ्या पिल्लाला? दात दुखतोय ना? दमलास ना रागावून रागावून?” (गोदूशी मी मुलगा असल्यासारखंच बोलते, का कोण जाणे.) “मी आलेय ना आता. ये, डोकं ठेव इथे. मिट डोळे.”

फोन खाली ठेवला तेव्हा तिघेही माझ्याकडे बघत होते.

“झुबेर,” सायमा हळूच म्हणाली, “नको.”

“आपा, नियम आहे.” झुबेरने फासा माझ्यापुढे सरकवला. “टाका.”

मी टाकला. वीस पडले. त्याच्या वर फाशात काही नसतं.

झुबेरने ग्रॅनाइटचं सिंहासन हळूच आडवं केलं. मग स्वतःच्या साध्या आवाजात म्हणाला, “हजार वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. तो तलवार खाली ठेवतो. वज्रनखीच्या मांडीवर डोकं ठेवतो. काळदंत झोपला.”

“झोपला म्हंजे?” जगन उभा राहिला.

“झोपला. खलास. गोष्ट संपली.”

“आनि माझा बान? आमच्या उलव्याला विमानतळ झाला, विमानं उडाली, माझा बान हाय तिथंच हाय!”

सायमा टाइल्स गोळा करायला लागली. “चहा घेऊन जा,” एवढंच ती म्हणाली, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. मी फासा टेबलावर ठेवला, डबीपासून जरा लांब, आणि निघाले. रिक्षात मनाशी म्हटलं, निदान पोर तरी निजली असेल.

दार उघडलं तेव्हा गोदू मितेशच्या खांद्यावर ताठ होऊन किंचाळत होती.

“अरे, मी एवढं समजावलं तिला!”

“कधी? तुझं पहिलं ‘रडायचं नाही’ ऐकलं आणि हिने दुप्पट सुरू केलं. मी लगेच कट केला फोन.”

म्हणजे बाकीचं सगळं मी खरोखर काळदंतालाच सांगत होते.

गोदूला घेतलं, खिडकीशी उभी राहिले. नऊच्या सुमारास सायमाचा मेसेज आला.

‘तिन्ही हो. फासा डबीत. पुढच्या रविवारी नवी गोष्ट. झुबेर म्हणतो, काळदंत जागा झाला, पण शाप उतरल्यामुळे आता सव्वा वर्षाचा आहे. त्याला घेऊन सात डोंगर ओलांडायचेत. कडेवर कुणी घ्यायचं यावरही मत घेतलं. तिन्ही तुला.’

त्याखाली जगनचा मेसेज होता: ‘काळदंताची आई, टायमावर या.’

‘माझं नाव वज्रनखी आहे,’ असं मी त्याच अंगठ्याने लिहिलं. वाचलं. खोडलं. गोदूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि विचारलं, ‘त्याला दाढा आल्यात का?’