न धुतलेला पंप

"न धुतलेली बाटली माझ्या घरात मुक्काम करत नाही!" असं बुन-रे छाती ठोकून सांगायची, आणि आमच्या वसाहतीत तिला खोटं पाडायची कोणाची हिंमत नव्हती.

दर गुरुवारी आम्ही सगळे आपापला कचरा वेगळा करून खाली शेडमध्ये नेतो. कागद, पत्र्याचे डबे, त्यांचं काही नाही. खरी परीक्षा क्रीम-लोशनच्या बाटल्यांची! आतला चिकटा निघत नाही, लेबल सुटत नाही, आणि पंपाच्या पोटात लोखंडी स्प्रिंग असते, म्हणून तो वेगळा काढून साध्या कचऱ्यात टाकायचा. आमच्या सेऊल शहरातल्या बायका तोंडाला थरावर थर लावतील, पण रिकामी बाटली धुवा म्हटलं की यांची कंबर धरते! शेवटी महिला मंडळाची प्रमुख म्हणून बुन-रेने जाहीर केलं, "आणा सगळ्यांच्या माझ्याकडे. कशा धुतात ते दाखवतेच!"

नेमकं त्याच गुरुवारी तिच्या थोरल्या बहिणीचं वर्षश्राद्ध होतं.

ताई गेल्या हिवाळ्यात गेली. तिचा मुलगा आता चर्चमध्ये जातो, तो श्राद्ध करणार नव्हता, म्हणून ते बुन-रेने अंगावर घेतलं. गावच्या अंगणातले ताईचे सॉसचे रांजणही त्याने विकून टाकले. एका रांजणाच्या तळाशी या दोघी बहिणींच्या आईच्या हातचा सोया सॉस उरला होता, काळा, काकवीसारखा दाट. दरवर्षी नव्या सॉसला त्याचंच विरजण लागायचं. रांजण न्यायला माणसं आली तेव्हा हाताशी भांडं नव्हतं, म्हणून बुन-रेने ताईचीच लोशनची बाटली धुतली आणि त्यात तो भरून आणला. जगात उरलेला तेवढाच. आज तो नैवेद्याच्या मुळ्याच्या सूपात पडणार होता. जन्मभर ताईने बुन-रेच्या सूपाला नावं ठेवली होती. "सगळं आहे गं, पण आईची चव नाही!" आज तरी तिला काही बोलायला जागा राहणार नव्हती.

शेजारीण म्यो-सुक मदतीला आली. सर्दीने तिचं नाक भोपळ्यासारखं फुगलं होतं. बुन-रे न्हाणीघरात केस वाळवायच्या यंत्राने लेबलं सोडवत होती, म्यो-सुक स्वयंपाकघरात पंप उपटून बाटल्या विसळत होती. दुपारी दोघींनी वरात काढावी तसा सगळा माल खाली नेला. पहारेकरी मेंगने एक बाटली उन्हात धरली.

"बाईसाहेब, हिच्यात बघून दाढी करावी!"

बुन-रे तरंगतच वर आली. सूप उकळलं होतं. सॉसची बाटली घ्यायला तिने ओट्यावर हात घातला. ओटा रिकामा!

"म्यो-सुक, इथली बाटली?"

"ती होय! राहिलीच होती, मीच बघितली म्हणून बरं. आतलं सगळं काळं पडलं होतं गं! इतकी वर्षं लोशन ठेवतात का? तीन पाण्यांनी धुतली!"

"वास नाही आला तुला?"

"या नाकाला?"

बुन-रेने तिला बाटलीत काय होतं ते सांगितलं. म्यो-सुकला सगळं कळलं तेव्हा ती रडायलाच लागली, आणि सर्दी असताना रडणं म्हणजे काय ते विचारू नका! त्या रडण्यातच बुन-रे ओरडली.

"पंप! पंपाच्या नळीत असेल! तो धुतलास?"

"पंप कोण धुतं?"

दोघी धावत खाली आल्या. कचऱ्याच्या पिशवीला गाठ बसली होती, आणि शेजारी मेंग उभा.

"बांधलेली पिशवी उघडायची नाही. नियम तुमचाच आहे, बाईसाहेब! माझी कवळी आत गेली तेव्हा उघडू दिलीत? मी पेजेवर दिवस काढले!"

"कवळी नवी मिळते, मेंगभाऊ," बुन-रे म्हणाली. "माझी आई आणि ताई त्यात आहेत."

मेंग खाली वाकला. त्याने गाठ सोडली.

मग जे झालं ते सगळ्या वसाहतीने खिडक्यांतून बघितलं. तिघं म्हातारी माणसं जमिनीवर बसून एकेक पंप तळहातावर दाबत होती आणि चाटत होती! "काकडी!" "गुलाब, थू!" "हे काय बुळबुळीत?" "गोगलगायीचं क्रीम, टाका!" म्यो-सुकला तर चवही कळत नव्हती, तरी ती निष्ठेने चाटत होती. शेवटी मेंगच्या हातावर एक काळा थेंब पडला. त्याने जीभ लावली. मग हळूच म्हणाला, "आमच्या अंगणातही रांजण होते."

सूपात जेमतेम तीन-चार थेंब पडले. विरजणाला काही उरलं नाही. ताईच्या फोटोपुढे वाटी ठेवून झाल्यावर तिघं जेवायला बसली. मेंगने घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"बाईसाहेब, रागावू नका. हे प्यायचं, की तोंडाला लावायचं?"

बुन-रेने चव घेतली. मुळा, मांस, आई, आणि सगळ्यांच्या वर ताईच्या जिनसेंग मुळीच्या लोशनचा वास. बाटली तिने धुतली होती, पण पंप? पंप कोण धुतं! लहानपणी भीती वाटली की ती ताईच्या ज्या गालाला गाल लावून झोपायची, त्या गालाला म्हातारपणी हाच वास यायचा. तिने आणखी एक वाटी वाढून घेतली.

तेव्हापासून दर गुरुवारी मेंग शेडमधून ओरडतो, "बाईसाहेब, तो पंप अजून आला नाही!"

आणि आमच्या महिला मंडळाची प्रमुख मान खाली घालून पुटपुटते, "धुवायचा राहिलाय."