रोशाच्या तेलाची जबानी

सरूबाईच्या तेलानं साहेबांसमोर शपथेवर खोटी जबानी दिली, हे केवळबाई चार दिवस ओरडून सांगत होती आणि घरचं एकही माणूस त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

शेती सेंद्रिय आहे का याची जबानी तेलाचीच घ्यायची हा नियम आता जुना झाला. आधी कागद बघत, पण कागद कोणीही लिहितो. मग बाटल्या तपासणीला पाठवू लागले, तर शेणखतावरच्या रोशा गवताचं तेल आणि युरिया खाल्लेल्या रोशाचं तेल यंत्राला सारखंच दिसे. शेत बघायला साहेब वर्षातून एकदा येत, आणि त्या दिवशी सगळीच शेतं सोवळ्यात असत. शेवटी खात्यानं ठरवलं, ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारावं. तेव्हापासून कोमट पाण्याच्या वाटीत सात थेंब सोडतात, शपथ देतात, आणि तेल बोलतं. सहा महिन्यांच्या आतलं तेल अज्ञान धरतात, त्याला पालक लागतो. निलगिरीचं तेल लांबण लावतं म्हणून त्याला वेळ ठरवून दिली आहे. बाकी अडचण काही नाही.

सरू ही केवळबाईची धाकटी जाऊ. तिचं तेल हळू आणि गोड बोललं. म्हणालं, माझ्या मुळाशी शेणखत आणि आभाळाचं पाणी याखेरीज काही आलं नाही. गायधनी साहेबांनी ते लिहून घेतलं आणि सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र सरूच्या हातात दिलं.

कागदाचं केवळबाईला काही नव्हतं. पण प्रमाणपत्र जिचं तिच्याकडे गावच्या तेल काढायच्या भट्टीची किल्ली, असा ठराव झालेला, आणि ती किल्ली एकोणीस वर्षं केवळबाईच्या कमरेला होती. सरू लग्न होऊन आली तेव्हा तिला गवताची पेंढीही बांधता येत नव्हती. ती केवळबाईनं शिकवली. आता पौर्णिमेला त्याच सरूच्या हाती किल्ली द्यायची होती. तिच्या बारीक कमरेला ती शोभेलसुद्धा, हे मनात आलं आणि केवळबाईच्या घशाखाली घास उतरेना.

तिनं सासूला सांगितलं, "त्या तेलात युरिया आहे, आत्याबाई. आमच्या रोशाला मी घालते, मी कधी लपवलं नाही. असलं तेल मी झाकण न काढता ओळखते."

भिकाबाई सुपारी कातरत होत्या. "तुझ्या पोटात काय आहे तेही आम्ही झाकण न काढता ओळखतो, बाई."

केवळबाईनं तालुक्याला जाऊन फेरतपासणीचा अर्ज दिला. तिथं कळलं की माणसाची साक्ष चालत नाही, माणसाला हेवेदावे असतात. तेल खोटं पाडायचं तर दुसरं तेलच उभं करावं लागेल. तिनं स्वतःच्या तेलाचं नाव लिहून अंगठा न लावता सही केली, चौथीपर्यंत शिकली होती ती. नवऱ्यानं, नथूनं, समजावून पाहिलं की असं भर चावडीत आपलाच युरिया निघेल, उद्या आपल्याला कधी प्रमाणपत्र मागायचं झालं तर तोंड राहणार नाही.

"निघू दे," ती म्हणाली. "तिचं तरी जाईल."

सुनावणी भट्टीच्या पत्र्याखाली झाली. दोन वाट्या मांडल्या. केवळबाईचं तेल तिच्यासारखंच, आडपडदा नसलेलं. कोणी विचारायच्या आतच त्यानं सांगितलं की आपल्याला युरिया घातला, दोनदा घातला आणि तो मानवला. समोरच्या वाटीत आहे का, असं साहेबांनी विचारलं.

"आहे," तेल म्हणालं. "पण तो माझाच आहे."

सरूचं तेल यावर शांतपणे म्हणालं की मला मुळाशी काय आलं ते विचारलं होतं, गवत उकळायच्या डेगेत काय आलं ते विचारलं नव्हतं. साहेबांनी मागचा कागद काढून प्रश्न वाचला. तसंच होतं.

त्या गावात भट्टीची डेग रिकामी पुढच्याच्या हवाली करत नाहीत. रिकामं भांडं देऊ नये. आपलं तेल निघालं की वाटीभर तळाशी ठेवायचं, म्हणजे पुढच्याला बरकत येते. सरूची पाळी केवळबाईच्या पाठोपाठ होती.

खोट्या साक्षीचा आरोप साहेबांनी काढून टाकला आणि प्रमाणपत्र रद्द केलं. सरूचे डोळे भरले. केवळबाईला चार दिवसांनी भूक लागली. मग साहेबांनी दोषीच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून नियम वाचला: दोषी व्यक्तीनं तीन वर्षं प्रत्येक पाळीनंतर डेग घासून कोरडी करावी, आणि त्यासाठी भट्टीची किल्ली तिच्याच ताब्यात राहील.



"साहेब, चूक माझीच," सरूनं डोळे पुसले. "गवत भरायच्या आधी मी डेग बघायला हवी होती."

"तुझी कसली चूक?" केवळबाई पुढं सरकली. "डेगेत वाकून बघायची उंची तरी आहे का तुझी? वाटी मी ओतली. काठोकाठ ओतली. लिहा साहेब."

सरूनं मान्य केलं की वाटी तिनं पाहिली होती आणि मुद्दाम गप्प बसली. केवळबाईनं आपल्या दोन वाट्या केल्या, मग तांब्या. सरूनं तांब्यात स्वतःचाही युरिया कालवला. नथूनं कपाळाला हात लावला. दोघी गुन्हा चढवत गेल्या, आणि तो बादलीपर्यंत आला तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणसाची साक्ष चालत नाही, याची त्यांनी आठवण करून दिली आणि दोन्ही वाट्या एकीत ओतून दोष कुणाचा ते विचारलं.

दोन्ही तेलांनी आपसात बराच विचार केला. मग एकाच आवाजात उत्तर आलं.

"ओतणारीनं रीत पाळली. घेणारीनंही रीत पाळली. रीत जिनं लावली तिचा दोष. त्याआधी या गावात डेग कोरडी ठेवत."

नाव साहेबांनी विचारायच्या आधीच गोणपाटावर बसलेल्या म्हातारीनं सुपारी बाजूला ठेवली आणि तळहात पुढं केला. केवळबाईनं किल्लीची गाठ सोडली. एकोणीस वर्षांत गाठ घट्ट बसली होती, दातानं सोडावी लागली. किल्ली जाते आहे याचं तिला वाईट वाटलं, पण ती सरूच्या अंगावरून पलीकडे जाते आहे हे बघून पोटात गार वाटलं. तिनं ती त्या हातावर नीट, दोन बोटांनी ठेवली.

साहेबांनी रकान्यात लिहिलं: भिकाबाई.